रुग्णाचे गुपित मृत्यूनंतरही जपावे

आत्महत्या केलेल्या एका तरुणाचे निदान, औषधे आणि घरातील वाद यांची माहिती त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या हवाल्याने आपल्या अंकात वाचली. ही माहिती देणे आणि ती छापणे, दोन्हींवर माझा तीव्र आक्षेप आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचारांत कळलेली माहिती गोपनीय ठेवणे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. जिवाला धोका, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता, न्यायालयाचा आदेश असे मोजकेच अपवाद त्यात आहेत. पत्रकाराने विचारणे हा त्यांपैकी नाही. कलम २४ तर रुग्णाच्या संमतीशिवाय माध्यमांना माहिती वा छायाचित्र देण्यास मनाई करते.

संमती देणारा हयात नाही म्हणून डॉक्टर मोकळे होतात का? जागतिक वैद्यकीय संघटनेच्या जिनिव्हा प्रतिज्ञेत रुग्णाच्या मृत्यूनंतरही त्याची गुपिते जपण्याचे वचन स्पष्ट शब्दांत आहे. शिवाय ही बातमी आज उपचार घेणारेही वाचतात. लग्न मोडेल, नोकरी जाईल या धास्तीने परगावी जाऊन डॉक्टरांना दाखवणारी माणसे आपल्या आसपास आहेत. ‘आपलेही उद्या असेच छापून येईल’ असे वाटले, तर ती पुढच्या वेळी तोंड उघडणार नाहीत, किंवा जाणारच नाहीत.

अशा बातम्यांत यापुढे रुग्णाचे निदान छापू नये. त्या जागी ‘टेली मानस’ मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, सातारा