आंधळा कोण, ते त्याच अध्यायात बघ

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "पप्पा, डोळे मिटून मानायचं मला जमत नाही, म्हणून चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेला जाणं सोडलंय." मम्मीनं डोळ्यांना पदर लावला. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

मिस्सातली बायबलची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यानं येतात, यंदा त्यातलं 'अ' वर्ष. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी जन्मांधाचं शुभवर्तमान होतं, योहानाचा नववा अध्याय. लहानपणापासून ऐकलेलं, पण या वेळी तुझं बोलणं डोक्यात ठेवून ऐकलं. डोळे मिटून मानणारा माणूस त्यात मला काही सापडला नाही.

येशू थुंकीनं चिखल करतो, त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो आणि म्हणतो, शिलोहाच्या तळ्यात जाऊन धू. तो जातो. त्यानं येशूला अजून पाहिलेलंही नाही. धुतल्यावर दिसायला लागतं, पण येशू तिथे नसतो. शेजारी विचारतात, तो कुठे आहे? हा सरळ सांगतो, "मला ठाऊक नाही." आधी त्याच्यासाठी तो 'येशू नावाचा माणूस' असतो, परूशी, म्हणजे तेव्हाचे कर्मठ धर्मपुढारी, खोदून विचारतात तेव्हा 'संदेष्टा' होतो, आणि सभास्थानातून हाकलून दिल्यावर, समोरासमोर भेट झाल्यावरच तोंडातून निघतं, "प्रभू, मी विश्वास ठेवतो." तोवर जेवढं कळलं तेवढंच तो बोलला. "मी आंधळा होतो, आता मला दिसतं," एवढ्यावर तो अडून राहिला. भित्रा तर मुळीच नव्हता. परूश्यांनाच विचारतो, तुम्हालाही त्याचे शिष्य व्हायचंय का? मला तर हसूच आलं.

'आम्हाला ठाऊक आहे' हे पालुपद परूश्यांचं. शेवटी येशू त्यांनाच सुनावतो: तुम्ही आंधळे असता तर तुम्हाला पाप नसतं, पण आम्हाला दिसतं म्हणता म्हणून तुमचं पाप राहतं. आजीचा मोतीबिंदू आठव. वलांडीवरचे बोंबील काढताना ओला कुठला, सुका कुठला तिला दिसेना. हाताला येईल तो टोपलीत. टोकलं की म्हणायची, "मला दिसतंय, तुमची ट्यूबच मंद झालीय." दवाखान्यात न्यायचं म्हटलं की जेवण टाकायची. तेव्हा बाय, हे शुभवर्तमान शंका काढणाऱ्यांवर रागावलेलं नाही. टोला आहे तो आमच्यासारख्या पहिल्या बाकावरच्यांना.

ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्या कोकणातलेच, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. 1893 साली रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी साहेबानं त्यांच्या हातात नवा करार दिला. बाप्तिस्मा झाला 1895 मध्ये. मधल्या काळात ते वाचत होते, स्वतःशी झगडत होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर त्याहून कितीतरी वेळ लागला. दोघांच्या विश्वासाला कच्चा म्हणायची कोणाची छाती आहे?

म्हणून घाई करू नकोस. पण पुस्तकही मिटून ठेवू नकोस. शिलोहापर्यंत जायचं की नाही हे त्या माणसाला ठरवावं लागलं, दिसण्याच्या आधी. तेवढा भाग तुझ्यासाठी कोणी चालून देणार नाही, मीही नाही. 'अजून दिसत नाही' म्हणणं आणि 'दिसण्यासारखं काही नाहीच' म्हणणं यात फरक आहे. तू कुठे आहेस ते तूच बघ.

त्या अध्यायात त्याचे आईबापही आहेत. त्यांच्याबद्दल प्रवचनात कोणी फारसं बोलत नाही. चौकशी झाल्यावर ते म्हणतात, तो वयात आलाय, त्यालाच विचारा. सभास्थानातून बाहेर काढतील या भीतीनं अंग काढून घेतात. चर्चच्या दारात मलाही विचारतात, पोरगी दिसत नाही हल्ली? मीही तेच सांगतो, मोठी झालीय, तिलाच विचारा. फक्त भीतीनं नाही सांगत.

ईस्टरला येणार असलीस तर आधी कळव. वसई रोडला थांबणारी गाडी बघ, मी घ्यायला येईन. सुके बोंबील मम्मीनं वेगळे काढलेत, ओले नाहीत.

तुझे,
पप्पा