विमान उडून जाऊ शकतं, मंत्रिमहोदय. आम्हाला फक्त वेळेवर सांगा

माननीय नागरी विमान वाहतूक मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

विषय : लहान विमानतळांना पुराची सूचना वेळेत आणि समजेल अशा आकड्यांत मिळण्याबाबत

मी एका लहान फ्लाइंग स्कूलचा मुख्य प्रशिक्षक आहे. चार विमानं, तीन प्रशिक्षक, एक इंजिनिअर असा आमचा पसारा. विमानतळावर पाणी शिरलं तेव्हा त्या चारांपैकी दोन विमानं गेली, एक वाचलं आणि एकाचं अजून ठरायचं आहे. हे पत्र भरपाईसाठी नाही. तो अर्ज वेगळा केला आहे, तो त्याच्या गतीने जाईल. मला बोलायचं आहे ते पाणी येण्याआधीच्या अठरा तासांबद्दल.

धरणातून विसर्ग वाढवायचा निर्णय आदल्या सकाळीच झाला होता. नदीकाठच्या वस्त्यांना, रस्तेवाल्यांना, पोलिसांना निरोप गेले. आम्हाला गेला नाही. नंतर चौकशी केली तेव्हा उत्तर मिळालं की विमानतळावर कुणी राहत नाही, म्हणून तो यादीत नाही. उत्तर खोटं नाही. आमच्याकडे रात्री एक चौकीदार असतो, आणि त्यानेच पहाटे दोनच्या सुमारास मला फोन केला : ‘साहेब, पाणी मोरीतून उलटं येतंय.’

ही उलटी येणारी मोरी जरा समजून घ्यावी. एक हजार मीटर लांब आणि 23 मीटर रुंद अशी छोटी धावपट्टी घेतली आणि तिच्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर निव्वळ डांबरावर 23 लाख लिटर पाणी जमतं. ॲप्रन, म्हणजे विमानं उभी करायची पक्की जागा, आणि हँगरची (विमानं ठेवायच्या शेडची) छपरं वेगळीच. हे सगळं एका नाल्यातून नदीत जातं. नदी नाल्याच्या तोंडापेक्षा वर चढली की तोच नाला पाणी आत आणतो. त्या तोंडाला एकाच दिशेने उघडणारी लोखंडी झडप बसवली तर नदी आत येत नाही. मात्र मग पावसाचं पाणी आत कोंडतं, म्हणून सोबत पंप हवा. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. वर कुंपणाची भिंत अशी भक्कम की आत आलेलं पाणी तिने चार दिवस राखून ठेवलं.

पण झडप आणि पंप हे पुढचं काम. मुद्दा वेगळा आहे, आणि तो इतका साधा आहे की सांगताना संकोच वाटतो. घर, गोठा, शेत यांना पुरापासून पळता येत नाही. विमानाला येतं. आमच्यापासून पस्तीस मिनिटांच्या उड्डाणावर उंचावरचा विमानतळ आहे. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत हवा चांगली होती, ढग वर होते, आम्ही दुपारभर सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या, मारत होतो. दुपारी बाराला जरी कुणी कळवलं असतं तरी उडण्याजोगी तिन्ही विमानं अंधाराआधी तिकडे बांधून झाली असती.

रात्री दोनला कळून काय उपयोग? आमच्या धावपट्टीला दिवे नाहीत. आम्ही व्हीएफआर नियमांनी, म्हणजे बाहेर बघून उडतो, त्याला साधारण 5 किलोमीटर दृश्यमानता लागते, आणि त्या पावसात समोरचं हँगर दिसत नव्हतं. शिवाय तीन विमानं हलवायला तीन परवानाधारक वैमानिक लागतात. शिकाऊ मुलाच्या हाती विमान देऊन त्याला पुरापुढे पळव असं कुणी सांगणार नाही. दोन प्रशिक्षक पाण्याने रस्ता तुटल्यामुळे येऊच शकले नाहीत. मी, चौकीदार आणि इंजिनिअर, तिघांनी मिळून एक विमान ढकलत ॲप्रनच्या उंच कोपऱ्यात नेलं. तेच वाचलं.

इथे माझी चूकही सांगितली पाहिजे. त्याच दुपारी चारला एक प्रशिक्षणार्थी सोलोवरून, म्हणजे एकट्याच्या उड्डाणावरून, उतरला आणि म्हणाला, ‘सर, नदीतलं बेट दिसलं नाही.’ मी त्याला म्हणालो, बेटाचं राहू दे, तुझा फ्लेअर उशिरा होतोय त्याकडे बघ. (फ्लेअर म्हणजे टेकण्याआधी विमानाचं नाक उचलणं.) हजार फुटांवरून त्याला जे दिसलं ते मी ऐकूनही घेतलं नाही. आमच्याकडे पुराची लेखी योजनाही नव्हती. चौथं विमान ऐन पावसाळ्यात प्रोपेलर काढून जॅकवर चढवलेलं होतं, तो निर्णयही माझाच.

पुराचं पाणी विमानाचं काय करतं, हे बाहेरून कळत नाही. पाणी ओसरल्यावर विमान धुतलं की ते चक्क नवं दिसतं. चाकाच्या आसापर्यंत पाणी आलं असेल तर बेअरिंगमधलं ग्रीस धुतलं जातं आणि ब्रेकमध्ये गाळ बसतो. ते निस्तरता येतं. पोटापर्यंत आलं की फरशीखालच्या कंट्रोल केबल, पुली, वायरिंग हे सगळं आलं. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांच्या जोडात अडकलेला ओला गाळ महिनोन्महिने आतून गंज खात राहतो, वरचा रंग शाबूत असतो. आणि पाणी काउलिंगपर्यंत (इंजिनाच्या आवरणापर्यंत) चढलं तर ते एक्झॉस्टमधून, ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून इंजिनात जातं. असं इंजिन सुकवून चालू करून बघायचं नसतं. ते पूर्ण उघडावं लागतं, प्रत्येक भाग तपासावा लागतो. इंजिनाला ठिणगी देणारे मॅग्नेटो वेगळे. इंधनाच्या साठ्यात पाणी गेलं की तेही संपलं. पाणी ॲव्हगॅसपेक्षा (विमानाच्या पेट्रोलपेक्षा) जड, ते तळाशी बसतं, आणि इंजिनाला पहिला घोट तळाचाच मिळतो. म्हणून तर आम्ही प्रत्येक उड्डाणाआधी टाकीच्या तळातून नमुना काढून निळ्या पेट्रोलखाली पाण्याचा थेंब आहे का ते बघायला शिकवतो.

सगळ्यात वाईट भिजले ते कागद. इंजिन आणि एअरफ्रेमची (विमानाच्या सांगाड्याची) लॉगबुकं मी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवली होती. कुठला भाग कधी बसवला, किती तास चालला याची नोंद गेली तर धडधाकट विमानही कागदोपत्री अनाथ होतं. आम्ही पंख्याखाली एकेक पान सुटं करत आठवडा काढला. (कॉकपिटमध्ये सापही निघाला. तो बिचारा आमच्यासारखाच उंच जागा शोधत आला असावा.)

पाणी उतरलं म्हणजे शाळा सुरू झाली असंही नाही. धावपट्टी वरून कोरडी दिसते, खाली पाया मऊ असतो. पाण्याने वाहून आणलेले खडे प्रोपेलरच्या पात्याला खाच पाडतात. डबकी राहिली की पक्षी येतात. आणि पातळ पाण्यावर चाक तरंगण्याचा धोका छोट्या विमानालाही असतो, हे बऱ्याच जणांना पटत नाही. टायरच्या दाबाचं वर्गमूळ गुणिले 9, असा चाक कुठल्या वेगाला तरंगतं त्याचा ढोबळ हिशोब आहे : दाब पीएसआयमध्ये (चौरस इंचावर पौंड), उत्तर नॉटमध्ये (तासाला सागरी मैल). मोठ्या जेटच्या टायरमध्ये 200 च्या आसपास दाब असतो, त्याचं उत्तर 127 येतं. आमच्या जुन्या सेसना 172 च्या मागच्या टायरमध्ये 29. उत्तर 48 नॉट, म्हणजे आम्ही जमिनीला टेकतो जवळपास त्याच वेगाला. नवशिक्याच्या हातात तेवढ्या वेळात ब्रेकही नाही आणि दिशाही नाही.

मुलांचं नुकसान वेगळ्या जातीचं आहे. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) नियमात खासगी वैमानिकाला किमान 40 तास आणि एक 150 नॉटिकल मैलांचा सोलो क्रॉसकंट्री (लांब पल्ल्याचा प्रवास) लागतो, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून व्यावसायिक व्हायला 150 तास. तास वहीत राहतात, हात मात्र विसरतात. सोलोला तयार झालेला मुलगा दोन महिने जमिनीवर बसला की पुन्हा प्रशिक्षकाला शेजारी घेऊन मागच्या धड्यांपासून सुरुवात करतो, आणि ते तास त्याला कुणी परत देत नाही.

मोठ्या विमानतळांवर पाणी शिरलं की जग बघतं. डिसेंबर 2015 मध्ये चेन्नई काही दिवस बंद होतं. तिथली दुसरी धावपट्टी तर अड्यार नदीवरून जाते. ऑगस्ट 2018 मध्ये कोची बंद पडलं ते 29 ऑगस्टला सुरू झालं, आणि त्यानंतर तिथे नाले, कालवे आणि पाण्याच्या वाटा सुधारण्याचं मोठं काम हाती घेतलं गेलं. ब्राझीलमधलं पोर्तो अलेग्रे 3 मे 2024 ला बंद झालं आणि तिथे विमानं पुन्हा उतरली ती 21 ऑक्टोबरला. या सगळ्यांकडे अभियंते होते, निधी होता, वर्तमानपत्रं होती. लहान धावपट्ट्याही तशाच सपाट, स्वस्त, नदीकाठच्या जमिनीवर असतात, कारण सपाट जमीन सापडते तीच तिथे. आमच्याकडे यातलं काही नसतं. पण आमच्याकडे एक सोय आहे जी मोठ्यांकडे नाही : आमचा सगळा ताफा तीन माणसं एका दुपारी हलवू शकतात.

त्यासाठी दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. विसर्गाची सूचना ज्या यादीला जाते तिच्यात प्रत्येक लहान विमानतळाचं नाव घालावं, आणि ती नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) म्हणून निघावी, कारण वैमानिक तेवढंच रोज न चुकता वाचतो. हवामानाचे आमचे मेटार (सध्याचा अहवाल) आणि टॅफ (पुढचा अंदाज) आकाशाबद्दल सगळं सांगतात, नदीबद्दल एक अक्षर नाही. शिवाय अशा दिवशी आसपासच्या उंच विमानतळांनी आमची विमानं पार्किंगच्या आगाऊ परवानगीशिवाय उतरवून घ्यावीत. परवानगीचा अर्ज तीन दिवस आधी करायचा असतो. नदी तीन दिवस आधी अर्ज करत नाही.

दुसरी गोष्ट आकड्यांची. सूचना क्युसेकमध्ये येते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28.3 लिटर, हे मला माहीत आहे, पण त्यावरून माझ्या हँगरच्या दारात पाणी किती वाजता येईल हे मला कळत नाही. नदीची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये मिळाली तर कळेल, असं वाटतं. तिथेही अडचण आहे. विमानतळाची जी उंची आम्ही छापतो, ती व्याख्येनेच उतरण्याच्या क्षेत्रातल्या सर्वांत उंच बिंदूची असते. वैमानिकाला तीच हवी. पुराला सर्वांत खालचा बिंदू लागतो, आणि तो कुठल्याच कागदावर नाही. हँगरची फरशी, इंधनाचा साठा, नाल्याचं तोंड : प्रत्येक लहान विमानतळावर या तीन जागांची उंची नदीच्या मापाशी जुळेल अशी एकदा मोजून घ्यावी. एका सर्वेक्षकाचं एका दिवसाचं काम आहे.

आम्ही आमचं मोजून घेतलं. आमच्या हँगरची फरशी छापील उंचीपेक्षा 2.1 मीटर खाली निघाली, नाल्याचं तोंड 3.4 मीटर. इतकी वर्षं त्या छापील आकड्यावर आम्ही अल्टिमीटर (उंचीमापक) तपासत होतो. या पत्रासोबत एका पानाचा नकाशा जोडला आहे. त्यावर डावीकडे खाली एक लाल रेघ आहे, ती या वेळच्या पाण्याची.

आपला नम्र,
मुख्य प्रशिक्षक, एक लहान फ्लाइंग स्कूल