गिअरच्या खडखडीबद्दल, मित्राला

प्रिय मित्रा,

राम राम. गिअरची सायकल घेतलीस, झकास झालं. पण ‘२१ गिअर आहेत आणि मी एकावरच चालवतो, बदलला की खडखडतं’ हे वाचून हसू आवरेना. लेका, २१ हा आकडा दुकानदाराच्या कामाचा. पुढं ३ चकत्या, मागं ७, झाला हिशोब. त्यातले कितीतरी गिअर पायाला सारखेच लागतात. तू सध्या चेन पुढच्या मधल्या चकतीवर ठेव आणि डाव्या हाताचा खटका विसर. उजवाच चालव. मागं ती मोठ्या चकतीवर गेली की पाय हलका, लहानीवर गेली की जड. पुढं ४२ दाते आणि मागं १४ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक ३ वेळा फिरतं. मागं २८ वर आलास की दीडदाच. हलकं वाटतं ते म्हणून.

आता खडखडीचं. खटका हातात असला तरी गिअर बदलतो पायानं. चेन फिरत असली तरच ती शेजारच्या चकतीवर चढते, म्हणून उभ्या सायकलीवर खटके दाबत बसू नकोस. आणि सगळा भार पायडलवर टाकून दाबलास तर ती कुरकुरणारच. दाबायच्या आधी पायाचा जोर अर्धा सोड, पाय मात्र फिरता ठेव. एकच खटका दाब. ‘टक्’ ऐकू आलं, चेन गुपचूप बसली, की मग लाव जोर. एका दमात तीन-तीन खटके नकोत.

आमच्या दौलताबादच्या घाटात हे पक्कं कळतं. किल्ला मागं पडला, खुलताबादकडचा चढ दिसला, की वेग अंगात असतानाच हलका गिअर टाकायचा. मांडीला रग लागल्यावर बदलायला गेलं की चेन ऐकत नाही, कधी उतरतेसुद्धा. तुझ्या बीडकडून मांजरसुंब्याचा घाट चढतानाही तेच कर. पाली ओलांडल्यावर चढाची वाट बघत बसू नकोस, आधीच तयारी ठेव. घाट आला की डाव्या हाताला काम दे, पुढची लहान चकती घे. फक्त तेव्हा मागं सगळ्यात लहानीवर जाऊ नकोस. चेन तिरपी होते आणि झिजते.

आपल्याला जड वाटतं, पण टूर द फ्रान्सच्या शर्यतीत १९३७ पर्यंत असे गिअर चालतच नव्हते. घाट आला की खाली उतरून मागचं चाक काढायचे आणि उलटं बसवायचे, दुसऱ्या बाजूला वेगळ्या दात्यांची चकती असे म्हणून!

एवढं करूनही चेन मोठ्या चकतीवर चढायला आळस करत असेल तर खटक्यापासून मागं जाणारी वायर ढिली झाली समज. नव्या सायकलीत होतंच ते. मागं वायर शिरते तिथं बारकी चक्री असते, ती आटा सुटायच्या बाजूला पाव-अर्धा फेरा फिरव. तेवढ्यासाठी दुकानात पैसे देऊ नकोस.

उन्हं चढायच्या आत निघत जा. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
दोस्त