सातबाऱ्याचा अ‍ॅडॅप्टर पहाणीला लावताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सीमाभागातल्या मराठीसाठी भाषा-मॉडेल हवे म्हटले की चर्चा थेट नव्या मॉडेलच्या खर्चावर जाते आणि तिथेच अडते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कामांना नवे मॉडेल लागतच नाही. मुक्तपणे मिळणारे मॉडेल घ्यावे, इतरांनी शिकवून ठेवलेले अ‍ॅडॅप्टर, म्हणजे एखादे काम शिकवणारे छोटे जोड-भाग, त्याला जोडावेत आणि राहिलेली उणीव आपल्या कागदांवर भरून काढावी. पण ही जोडणी जपून करायला हवी, कारण चूक झाली तर ती शेतकऱ्याच्या पहाणीवर, म्हणजे सातबाऱ्यासारख्या कर्नाटकातल्या कन्नड उताऱ्यावर, उमटते.

असे अ‍ॅडॅप्टर बनवण्याच्या २०२१ सालच्या लोरा पद्धतीत मूळ मॉडेलला हात लावत नाहीत. मॉडेलमधल्या ४०९६ बाय ४०९६ च्या एका मॅट्रिक्समध्ये, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यात, सुमारे १ कोटी ६८ लाख आकडे असतात. ते तसेच ठेवून शेजारी दोन अरुंद मॅट्रिक्स शिकवतात. रँक, म्हणजे त्यांची अरुंद बाजू, ८ असेल तर त्या दोन्हींत मिळून ६५,५३६ आकडे, म्हणजे मूळच्या २५६ वा हिस्सा. म्हणूनच मॉडेल १४ जीबीचे असले तरी अ‍ॅडॅप्टर काही एमबींत मावतो आणि सहज देता-घेता येतो.

जोडायचे सगळे अ‍ॅडॅप्टर एकाच मूळ मॉडेलच्या एकाच आवृत्तीवर शिकवलेले हवेत. नाव सारखे पण आवृत्ती वेगळी असेल तर फाइल बिनतक्रार लोड होऊ शकते आणि उत्तरे मात्र बिघडतात. मूळ मॉडेल कन्नड अक्षरांचे फार बारीक तुकडे करत असेल तर ते आधीच बदलावे. तो दोष अ‍ॅडॅप्टरने जात नाही.

अ‍ॅडॅप्टर एकत्र करायला पेफ्ट ही प्रोग्रॅम-लायब्ररी वापरतात. तिच्या ‘लिनियर’ पर्यायात सगळ्या अ‍ॅडॅप्टरांच्या एका बाजूच्या अरुंद मॅट्रिक्स एकत्र आणि दुसऱ्या बाजूच्या एकत्र मिसळल्या जातात. मग एका अ‍ॅडॅप्टरची एक बाजू दुसऱ्याच्या दुसऱ्या बाजूशी गुणली जाते आणि कुणीही न शिकवलेली भर पडते. ‘कॅट’ पर्यायात मॅट्रिक्स न मिसळता शेजारी-शेजारी जोडतात, म्हणून बेरीज अचूक राहते, फक्त रँक वाढतो : ८ आणि १६ चा २४. आमचा कौल ‘कॅट’ला. दोन्ही अ‍ॅडॅप्टर पूर्ण १ वजनाने, म्हणजे पूर्ण प्रभावाने, लावले की बरेचदा एकच वाक्य पुन्हा पुन्हा येऊ लागते. ०.५ च्या आसपास सुरुवात करावी आणि नव्या कामाची थोडी उदाहरणे देऊन वजने शोधावीत. थोड्या उदाहरणांवरून वजने शोधण्याची ही रीत २०२३ च्या लोराहब या पद्धतीतली.

आता खरी अडचण. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, आपल्याकडच्या पहाणीवर एकर-गुंठ्यांत. पहाणीवर २-१० म्हणजे २ एकर १० गुंठे. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणून सव्वादोन एकर, साधारण ०.९१ हेक्टर. सातबाऱ्यावर शिकलेला अ‍ॅडॅप्टर हेच २ हेक्टर १० आर वाचू शकतो, म्हणजे पाच एकरांहून जास्त! भाषा शुद्ध, मांडणी नेटकी, म्हणून चूक नजरेत येत नाही. वजने कितीही बदलली तरी ती जाईलच असे नाही, कारण एकर-गुंठे त्या अ‍ॅडॅप्टरने पाहिलेलेच नाहीत. पहाणीची उदाहरणे देऊन तिसरा छोटा अ‍ॅडॅप्टर शिकवावा. मॉडेलने कागदावरचे आकडे जसेच्या तसे उचलावेत आणि रूपांतर साध्या गणिती प्रोग्रॅमकडे सोपवावे. तपासणीचे कागद वजने शोधताना वापरलेल्या कागदांहून वेगळे हवेत. त्यांत खाडाखोड केलेले, दोन खातेदारांचे, कन्नड-मराठी मिसळलेले कागद मुद्दाम घालावेत. खातेदारांची नावे आधी काढावीत.

सीमाभागातल्या महाविद्यालयांना आणि तरुण अभियंत्यांना कळकळीची विनंती : अ‍ॅडॅप्टर खुला करताना मूळ मॉडेलची आवृत्ती, रँक, अल्फा (अ‍ॅडॅप्टरचा प्रभाव किती हे ठरवणारा आकडा), प्रश्न मांडण्याचा साचा आणि कोणत्या राज्याचे कागद वापरले, हे सोबत लिहा. एवढी माहिती नसेल तर पुढच्या माणसाला तो अ‍ॅडॅप्टर पहाणीसाठी लावता येणार नाही.

आपले,
भाषा-तंत्रज्ञानाचे अभ्यासक, बेळगाव