लेकीस पत्र: पिस्तूल टेक्ससातच ठेव

प्रिय केतकी,

दिवाळीला इकडे न्यू जर्सीला विमानाऐवजी गाडीने येणार आणि सोबत मावशीचा सुमेधही, हे ऐकून बाबा खूश झाले. मी जरा कमी झाले, कारण फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "पिस्तूल बरोबर असेल, रात्रीच्या रस्त्याला बरं." मुळात ते घ्यायचंच कशाला, हा तुझा नि बाबांचा जुना वाद मला पुन्हा उकरायचा नाही. रात्री तीन वाजता हॉस्पिटलच्या पार्किंगमधून एकटी तू चालतेस, आम्ही नाही. टेक्ससात परवान्याची सक्ती १ सप्टेंबर २०२१ पासून उठली, तरी तू वर्गाला बसलीस, पन्नास गोळ्यांची परीक्षा दिलीस, रीतसर परवाना काढलास. हे मला मनापासून आवडलं. पण या प्रवासात ते पिस्तूल डॅलसजवळच्या प्लेनोच्या घरातच राहू दे. का, ते फोनवर नीट सांगता येत नाही म्हणून लिहिते आहे.

तुझं म्हणणं असं की ड्रायव्हिंग लायसन्स सगळीकडे चालतं, मग हा परवाना का नाही? सरळ प्रश्न आहे, आणि तो विचारणारी तू पहिली नाहीस. २०१७ साली असाच, एका राज्याचा परवाना सगळ्यांनी मानावा असा कायदा वॉशिंग्टनच्या खालच्या सभागृहाने मंजूर केला होता. सिनेटमध्ये तो अडकला तो अडकलाच. आजही कोणी कोणाचा परवाना मानायचा हे राज्यं आपापसात ठरवतात, आणि काही राज्यं कोणाचाच मानत नाहीत. न्यू जर्सी त्यातलं एक. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, मेरीलँड ही आणखी.

आता तुझाच रस्ता बघ. डॅलसहून आर्कान्सा, मग टेनेसी: दोन्हीकडे परवान्याशिवायही चालतं. पुढे व्हर्जिनियात कपड्याखाली लपवून बाळगायचं तर परवाना हवा. मग वेस्ट व्हर्जिनियाचा छोटा तुकडा, तिथे पुन्हा मोकळीक. त्यानंतर हेगर्सटाउनजवळ तोच एटीवन महामार्ग मेरीलँडमध्ये शिरतो, आणि हे मेरीलँड जेमतेम बारा मैलांचं आहे. पेट्रोल भरायलाही थांबणार नाहीस. पण त्या बारा मैलांत तुझ्या टेक्ससच्या कार्डाला काडीची किंमत नाही. मग पेनसिल्व्हेनियाचे नियम आणखी वेगळे, आणि डेलावेअर नदी ओलांडलीस की आम्ही. पाटी 'वेलकम' म्हणते. 'तुमचा परवाना इथे संपला' असं कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं.

इकडे काय होतं, ते एका बाईच्या गोष्टीवरून कळेल. गोष्ट खरी आहे, २०१३ सालची. फिलाडेल्फियात राहणारी, दोन मुलांना एकटीने वाढवणारी आई. तिच्याकडे पेनसिल्व्हेनियाचा परवाना होता. पूल ओलांडून न्यू जर्सीत आली, पोलिसाने किरकोळ वाहतुकीच्या कारणावरून गाडी थांबवली, आणि तिने आपणहून सांगितलं की माझ्याकडे पिस्तूल आहे, हा बघा परवाना. लपवलं असतं तर कदाचित सुटली असती. प्रामाणिकपणे बोलली म्हणून अटक झाली. न्यू जर्सीत परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणं हा पाच ते दहा वर्षं शिक्षेचा गुन्हा आहे, आणि ग्रेव्ह्ज कायद्यामुळे त्यातली किमान साडेतीन वर्षं पॅरोलशिवाय भोगावी लागतात. तिच्या प्रकरणाचा इतका गवगवा झाला की शेवटी सरकारी वकिलांना नव्या सूचना गेल्या, आणि २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस्तींनी तिला माफी दिली. तुला ते आठवणार नाही, तू कॉलेजच्या घाईत होतीस. मी त्या वेळी रोज पेपरात वाचत होते, आणि माझं मत तेव्हाही हेच होतं की त्या बाईवर अन्याय झाला. पण गव्हर्नरच्या दयेवर विसंबून कोणी प्रवासाचा बेत आखतं का?

तू वाचलेलं असणार, म्हणून तेही लिहिते. १९८६ चा केंद्राचा एक कायदा आहे, वाटेतल्या राज्यांतून शस्त्र नेणाऱ्याला संरक्षण देणारा. जिथून निघालात आणि जिथे पोचणार, दोन्हीकडे ते बाळगणं तुमच्यासाठी कायदेशीर हवं. गोळ्या काढलेल्या, आणि शस्त्र व गोळ्या दोन्ही हाताशी न लागतील अशा ठिकाणी. गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत, आणि समोरचा कप्पा पेटी म्हणून चालत नाही. तुझ्या गाडीला डिकी कुठे आहे? मागे सगळं उघडंच. आणि हे संरक्षण वाटेपुरतं असतं. तू तर मुक्कामाला येते आहेस, आणि तेही नेमकी न्यू जर्सीत.

वाटेपुरतंही ते किती तकलादू आहे पाहा. २००५ साली युटाहचा एक माणूस विमानाने ॲलनटाउनला निघाला होता. पिस्तूल नियमाप्रमाणे चेक-इन केलेल्या सामानात, कुलपात. नेवार्कला पुढचं विमान चुकलं, बॅग हातात आली, रात्र हॉटेलात काढली. सकाळी विमानतळावर पुन्हा नियमाप्रमाणे सांगायला गेला आणि तिथेच पकडला गेला. खटला पुढे मागे घेतला, पण त्याने उलट दावा लावला तेव्हा अपील कोर्टाने २०१० मध्ये सांगितलं की हॉटेलातल्या रात्री बॅग त्याच्या हाताशी होती, म्हणजे संरक्षण गेलं. विमान चुकणं ही त्याची चूक नव्हती, हे न्यायाधीशांनाही दिसत होतं. तरीही. आणि तुला तर वाटेत मुक्काम करावाच लागणार.

आता सुमेधचं. हे तुझ्यापेक्षाही गंभीर आहे, आणि तुम्हा दोघांनाही माहीत नाही असं मला वाटतं. तू नागरिक आहेस. तो एच-वन-बीवर आहे. अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक काय, गोळीही जवळ ठेवायला केंद्राच्या कायद्याने मनाई आहे. ग्रीनकार्ड असेल तर गोष्ट वेगळी. शिकारीचा परवाना असेल तर एक पळवाट आहे, ती त्याने कुठून तरी ऐकली आणि मावशीला फुशारकीने सांगितली. पण त्याच्याकडे तो परवाना नाही, आणि नेमबाजीच्या रेंजवर पिस्तूल धरून काढलेला फोटो मात्र इन्स्टावर टाकतो! आधी तो फोटो काढून टाकायला हवा. तू चार तास झोपलीस, तो गाडी चालवतोय, पिस्तूल मागे पडलेलं: पोलीस विचारेल, ताबा कोणाचा? शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला देशाबाहेर काढता येतं. मावशीला मी काय तोंड दाखवू? तुझी रूममेटही विद्यार्थी व्हिसावर आहे ना, म्हणून तिजोरीचा आकडा तिलाही सांगू नकोस, विश्वास कितीही असला तरी.

परवा कुडाळला दाजीकाकांशी बोलताना हा विषय निघाला. त्यांच्याकडे रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची, निकालानंतर परत आणायची, हे त्यांच्या अंगवळणी पडलं आहे. त्यांना मी सांगितलं की इथे राज्याराज्याला वेगळा कायदा, तर म्हणाले, "मगे सरकार खंयचा?" तिकडे १९५९ चा एकच शस्त्र कायदा सगळ्या देशाला, आणि परवान्यावरच लिहिलेलं की तो कुठपर्यंत चालेल. इथे घटनेतली शस्त्र बाळगण्याच्या हक्काची ती प्रसिद्ध दुसरी दुरुस्ती १७९१ ची, पण ती राज्यांनाही बंधनकारक आहे हे सुप्रीम कोर्टाने शिकागोच्या खटल्यात २०१० मध्ये सांगितलं. तोवर दोनशे वर्षं प्रत्येक राज्य आपापल्या बुद्धीने चाललं. न्यूयॉर्कने १९११ मध्येच परवाना लावला. व्हरमाँटने कधीच लावला नाही. आज एकोणतीस राज्यांत परवान्याशिवाय चालतं आणि आमच्यासारख्या उरलेल्यांत नाही. हे विचित्र आहे असं मलाही वाटतं. पण टेक्ससचा नियम इथे यावा असं मात्र वाटत नाही, हे तुला माहीतच आहे.

सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या निकालानंतर आमच्याकडेही फरक पडला. आधी न्यू जर्सीत तुम्हाला पिस्तुलाची खास गरज आहे हे सिद्ध करावं लागायचं, म्हणजे सामान्य माणसाला परवाना मिळतच नसे. ती अट आता गेली. पण त्याजागी नात्यात नसलेली, तीन वर्षं ओळखणारी चार भली माणसं नावानिशी द्यावी लागतात. स्थळाची चौकशी करायचे ना पूर्वी, तसं. पिस्तूल विकत घ्यायलाही प्रत्येक वेळी वेगळं परवानगीपत्र. आणि परवाना मिळाला तरी बाळगायला मनाई असलेल्या जागांची यादी लांबलचक, त्यावर कोर्टात भांडणं चालूच आहेत.

आणखी दोन गोष्टी. तुझ्या पिस्तुलाचं मॅगझिन पंधरा गोळ्यांचं आहे असं तूच सांगितलंस. इथे मर्यादा दहाची, नुसतं मॅगझिन सापडलं तरी भानगड. आणि हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ असलेल्या गोळ्या, ज्या तिकडे दुकानात सहज मिळतात, त्या इथे घराबाहेर जवळ सापडल्या तर वेगळा गुन्हा. म्हणून पिस्तूल घरी ठेवलंस म्हणून काम संपलं असं नाही. निघायच्या आदल्या दिवशी गाडी पूर्ण रिकामी कर: सीटखाली, दाराचे कप्पे, मागची जिमची बॅग. रेंजवरून येताना सुट्या गोळ्या कुठे घरंगळतात ते कळत नाही.

रात्रीची भीती मी कमी लेखत नाही, म्हणून रात्री चालवूच नका. एक मुक्काम नॅशव्हिलला, दुसरा रोआनोकच्या आसपास. हॉटेलं बाबा ठरवतील, पैशांचा विचार करू नकोस. सुमेधला मी वेगळा फोन करते. त्या फोटोबद्दल मीच बोलेन, तू बोललीस तर तो हसण्यावारी नेईल. आणि येताना डॅलसच्या त्या दुकानातलं चकलीचं भाजणीचं पीठ दोन किलो आण, इथलं मिळतं ते फार मऊ होतं.

तुझी,
आई