लोकप्रशासन म्हणजे फक्त यूपीएससी नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या करिअर पुरवणीत लोकप्रशासनाची, म्हणजे सरकारी कारभार कसा चालतो याच्या अभ्यासाची, बोळवण ‘यूपीएससीचा एक वैकल्पिक विषय’ एवढ्या ओळीत झालेली पाहिली आणि राहवलं नाही. हा विषय मी बत्तीस वर्षं शिकवला. लग्नाकार्यात कुणाला सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: “मग सर, तुमचे कलेक्टर किती झाले?” दोन झाले. पण मला कौतुक आहे ते पाणीपट्टी का थकते यावर पीएचडी करणाऱ्या विद्यार्थिनीचं. वॉर्ड ऑफिसच्या बाकावर बसून तिनं पाच वर्षं पावत्या उतरवून घेतल्या. आज ती हाच विषय शिकवते.

संशोधन आणि प्राध्यापकीची ही वाट सोपी नाही. एम.ए.ला 55 टक्के, मग नेट किंवा जीसेट (प्राध्यापकीसाठीच्या देशपातळीवरच्या आणि गुजरातच्या पात्रता परीक्षा). सहायक प्राध्यापक व्हायला 2023 पासून पीएचडीची सक्ती नाही, पण संशोधनाचा कंटाळा असेल त्यानं इकडे फिरकू नये. कायम जागा क्वचित निघतात, हेही मुलांपासून लपवू नये.

वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ज्यापासून हा विषय सुरू झाला असं मानतात तो अमेरिकेच्या वुड्रो विल्सनचा 1887 चा निबंध आमची मुलं घडाघडा सांगतात; त्यानंतर सहाच वर्षांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी अमरेली तालुक्यात सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि 1906 मध्ये ते संस्थानभर नेलं, हे मात्र बडोद्याच्या मुलालाही सांगावं लागतं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली कोलंबियाला गेलेल्या डॉ. आंबेडकरांचा 1915 चा एम.ए.चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवहारावर होता. 1917 मध्ये ते इथे बडोद्यात नोकरीला आले, तर या शहरानं त्यांना राहायला धड जागा दिली नाही. कमाटीबागेत सकाळी फिरणाऱ्या आम्हा मंडळींपैकी कितींनी तो प्रबंध चाळलाय?

संस्थानच्या जुन्या दफ्तरात अजून कितीतरी विषय पडून आहेत. पण कागदांचं गाठोडं बांधलेला रुमाल सोडला की आत जुनी मोडी लिपी! माझ्याकडच्या दोघांनी तेवढ्यावरून विषय बदलले. एके काळी आमच्या दांडिया बाजारात मोडी वाचणारे कारकून गल्लोगल्ली होते.

तेव्हा पुढच्या पुरवणीत ही वाटही छापावी, ही विनंती. कुणाला मोडी शिकायची असेल तर शनिवारी संध्याकाळी मी घरीच असतो. फी नाही, बोरू मात्र आपापला आणावा.

– एक निवृत्त प्राध्यापक, दांडिया बाजार, बडोदे