खपली, लोकवन आणि तुझा 'शुद्ध' गहू

मिरज, १८ मार्च

प्रिय विन्या,

खपली गव्हाची पिशवी पोचली, बरं झालं. फोनवर तू म्हणालास, "हाच खरा शुद्ध गहू, लोकवन म्हणजे नुसती भेसळ." तिकडे कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या म्हणून गप्प बसलो. आता ऐक.

सकाळी दोन्हींच्या ओंब्या तळहातावर चोळून पाहिल्या. लोकवनचे दाणे फुंकर मारताच मोकळे. खपलीच्या ओंबीचे तुकडे पडले, पण दाणा तुसातून बाहेर येईना. आजी उखळात सडायची ते उगाच नाही.

मात्र शुद्ध म्हणशील तर खपलीही नाही. तिच्यात गुणसूत्रं २८, आणि मूळ रानगवतांत १४. काही लाख वर्षांपूर्वी पश्चिम आशियात दोन वेगळ्या गवतांचा संकर झाला, तेव्हा शेती करायला माणूस कुठे होता? प्रत्येकाकडून ७ आली. देवळाबाहेर चौदा जणांनी एकेकच चप्पल सोडून जावं, तसं. एकाचीही जोडी लागेना, आणि जोडी लागल्याशिवाय पराग नीट बनत नाहीत. असलं रोप खेचरासारखं वांझ. पण पेशीविभाजनात कधीतरी घोटाळा होतो, निम्मा व्हायचा संच तसाच राहतो. १४ ची २८ झाली, प्रत्येक चपलेला जोड मिळाली, रोपानं बी धरलं. एवढ्या चुकीवर आपली हुग्गी, म्हणजे खपलीची खीर, उभी आहे! तुझा लाडका बन्सी गहूही याच २८ वाल्यांतला.

लोकवनच्या घराण्यात आणखी एक पाहुणा शिरला. साधारण ९ हजार वर्षांपूर्वी, कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेकडे, शेतातल्या २८ वाल्या गव्हाचा तिसऱ्या एका गवताशी संकर झाला; पुन्हा तोच घोटाळा, आणि झाली ४२. ते गवत कोणतं, हे १९४४ मध्ये जपानात किहारा या शास्त्रज्ञांनी आणि अमेरिकेत मॅकफॅडन-सीअर्स या शास्त्रज्ञ जोडीनं ओळखलं. महायुद्धात एकमेकांविरुद्ध लढणारे देश, उत्तर एकच. पाव फुगतो तो बराचसा त्या गवताच्या पुण्याईनं. म्हणजे तुझी 'भेसळ' दोघांकडेही आहे, लोकवनकडे एक हप्ता जास्त.

खपलीचा अभिमान बाळगायचाच तर दुसरं कारण देतो. १९२२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात स्टॅकमन आणि लेव्हिन या शास्त्रज्ञांनी तांबेऱ्याचे, म्हणजे गव्हावर पडणाऱ्या रोगाचे, प्रकार ओळखायला बारा गव्हांचा संच ठरवला. त्यात एकाचं नाव चक्क 'खपली'! तिच्यातला तांबेरा रोखणारा एसआर १३ हा जीन पुढे युगांडाच्या यूजी ९९ तांबेऱ्यासमोरही कामी आला. आजीला सांगितलं असतं तर म्हणाली असती, "मग सडायला येऊ दे त्यांना."

आणि हो, तुमच्या शेजारच्या काकूंना ग्लुटेन चालत नाही म्हणालास. त्यांना यातलं मूठभरही देऊ नकोस, खपलीत ग्लुटेन असतंच. वहिनींना म्हणावं, गिरणीतून सडून आणलीय तरी एखाद्या दाण्याला तूस असेल, निवडून घ्या. खिरीला रात्रभर भिजवा.

तुझा,
बंड्या